केशवरावाचं फुटकं तळं

माह्या मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाल रंगानं फुल्या मारणाऱ्या माणसाले मी पयले पाणी पाजलं अन् मंग शिव्या घातल्या. उन्हात दारी आलेल्याले कोरडं पाठवणं आमच्यात बसत नाई. तो बिचारा गटागट पाणी प्याला, तांब्या पालथा ठेवला अन् म्हणे, "बाई, मी फुल्या मारायचा माणूस. नाला आखणारा वेगळा." म्हणलं, "मंग त्यालेच पाठव. त्याच्यासाठीबी तांब्या भरून ठेवते."

मी रागिणी. माहेर चांदूर बाजारचं, सासर वलगावच्या रस्त्यावर. पयले हे गाव होतं, आता अमरावतीनं गिळलं. पण आमचा मळा अजून मळाच हाय. सांबार, पालक, भेद्रं म्हणजे तुमचे टमाटे, वांगे अन् एका तुकड्यात शेवंती. हा सारा बाजार एका विहिरीवर चालते. अन् त्या विहिरीच्याच जिवावर आलं होतं.

झालं असं का वरच्या अंगाले लेआऊट पडले. रस्ते सिमेंटचे, आंगणं फरशीचे, मातीचं नाव नाई. पाऊस पडला का सारं पाणी धावत खाली येते, आमच्या शेजारणीच्या, अनवरीच्या घरात शिरते अन् मंग नालीनं चाललं जाते. जमिनीत मुरतच नाई. पावसाळ्यात गल्ली बुडते अन् होळी आली का माह्या विहिरीचा तळ दिसते. यावर महापालिकेच्या हापिसानं इलाज काढला होता, वरपासून पार पेढी नदीपर्यंत सिमेंटचा बंद नाला. माह्या धुऱ्यातून एक पट्टी जाणार होती. पट्टीसाठी मी रडली नसती, देवाशपथ. पण सारं पाणी डब्यात बंद करून नदीत नेऊन टाकलं तं माह्या विहिरीनं काय प्यावं? विहीर गेली का मळा गेला. मळा गेला का आमी कोणाच्या तरी फ्लॅटच्या गेटवर राखणीले.

अनवरीचं उलटं. तिचा नवरा वली पिंजारी, गाद्या-रजया भरते. मागच्या पावसाळ्यात त्याचा सारा कापूस भिजून काळा पडला होता, घरात महिनाभर कुबट वास. तिनं नाल्याच्या बाजूनं सही देल्ली. मी भांडाले गेली.

"काहून सही केली वं?"

"तुह्या घरात पाणी येते का?"

"माह्या विहिरीत येत नाई, त्याचं काय?"

"मंग तू इहिरीसाठी रड, मी चुलीसाठी रडते," म्हणे अन् तिनं दार लावून घेतलं. पंधरा वर्साची मैत्रीण. आमच्या घरचा सांबार अन् तिच्या घरचा शिरखुर्मा कधी चुकला नाई, अन् आता बोलणं बंद.

इंजिनेर साहेब आला तो तरणा होता, कोकणातला. मले वाटलं होतं अंगावर येईन, तं माणूस थंडा निघाला. साऱ्या मळ्यात फिरला, विहिरीत डोकावला. मी म्हणलं, "साहेब, पाणी नदीत काहून फेकता? इथंच मुरवा ना."

"ताई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही," तो म्हणे. "मलाही तेच आवडेल. पण ही काळी माती आहे. ओली झाली की फुगते आणि तोंड मिटून घेते. माझ्या आधीच्या लोकांनी या भागात शोषखड्डे केले होते, सगळ्यांची डबकी झाली. पाणी मुरेल अशी जागा दाखवा, मी आराखडा बदलून मागतो. होळीनंतर सुनावणी आहे. नुसतं भांडून नाला हलत नाही."

नुसतं भांडून हलत नाई म्हणे! मले राग आला, कारण खरं होतं.

मंग मी काय केलं, लिंबाजवळच्या कोपऱ्यात खड्डा खणला. तथी गवत लवकर सुकते म्हणून मले पक्कं वाटलं का जमीन पाणी पिणारी हाय. साऱ्या गल्लीत सांगत सुटली, साहेबाले फोन केला, "येऊन पाहा." परतीचा पाऊस आला, खड्डा भरला अन् भरलेलाच राह्यला. त्यात बेंडक्या झाल्या, मच्छर झाले. साहेब आला, खड्ड्याकडे पाह्यलं अन् गाडीत बसून निघून गेला. ते तं अजून झोंबलं. समोरच्या पानठेल्यावरून चंद्रभान ओरडला, "केशवरावाच्या घरचे खड्डे खणण्यात पयलेपासूनच वस्ताद हो!" सारे खदाखदा हासले. केशवराव म्हणजे माहा सासरा. बुढा ओट्यावर बसला होता, उठला अन् आत गेला, जेवला नाई. मले वाटलं सुनेले हासले म्हणून लागलं असन. अजून चूक.

दिवाळीच्या सुट्टीत अनवरीची पोरगी उज्मा अकोल्याहून आली. पोट्टी हुशार, कम्प्युटर शिकली, तिथल्याच एका कंपनीत लागली. काम काय, तं शेतीखात्याचे जुने कागद. ज्या वर्सांत कापसानं वऱ्हाडाचं कंबरडं मोडलं, त्या वर्सांतले अर्ज, तक्रारी, पाहणीचे अहवाल, विहिरीचे, तळ्याचे, सारे स्कॅन करून लोकाइले पाहाले खुले केले होते. लाखानं कागद. पण शोधाले गेलं तं हाती काई लागत नोतं.

"काहून लागत नाई?" मी इचारलं. मायशी बोलणं बंद होतं, पोरीशी नोतं.

"काकू, मंडीत कोणी कोथिंबीर मांगतली तं तुमी काय देता?"

"सांबार."

"तो तं सांबार म्हणला नाई."

"मंग त्याले का उपाशी मारू? समजते ना त्याले काय पायजे ते."

"तेच. जुन्या मशीनले समजत नाई. कागदात सांबार लिहिलं असन तं सांबारच मांगा, नाई तं घरी जा म्हणते. मी तिले अर्थ शिकवून राहिली. प्रत्येक कागदाले त्याच्या अर्थावरून जागा द्यायची. सारख्या गोठीचे कागद जवळ जवळ, जशी मंडीत पालेभाजीची रांग एकीकडे अन् कांदे दुसरीकडे. मंग तुमी कोणत्याबी शब्दात इचारा, ती त्या रांगेत नेऊन उभी करते."

"मंग अडलं कुठं?"

तिनं कपाळाले हात लावला. मशीन पेपरातली मराठी शिकून आली होती. खड्ड्याले डबरं म्हणलं का गोंधळते, बांधाले धुरा म्हणलं का गोंधळते, अन् आमच्या लोकाइनं तं अर्ज जसं बोलतात तसेच लिहिले. तिले वऱ्हाडी माणसं पायजे होते, दोन दोन वाक्यं वाचून सांगाले का दोन्हीचा अर्थ एक हाय का वेगळा. कंपनीत सारे पुण्या-बंगलोरचे.

म्हणलं, "आमी का मेलो?"

मंग उज्मा दर रविवारी अकोल्याहून येऊ लागली अन् अनवरीच्या आंगणात आमचा बाजार भरू लागला. सांबाराच्या जुड्या बांधायच्या, उज्मा वाचणार, आमी गल्लीतल्या बाया हाव का नाई सांगणार. दोन बायाइचं एकमत झालं तरच ती मशीनले सांगे. अन् उज्मानं मुद्दाम मले अन् तिच्या मायले एका जोडीत घातलं, लबाड कुठली.

"'वावरात ओल धरत नाई' अन् 'जमिनीत पाणी राहत नाई'. एक का?"

"हाव," मी म्हणलं.

"नाई," अनवरी म्हणे. माह्याकडे न पाहता, पोरीकडे पाहून. "ओल वेगळी, पाणी वेगळं. कापूस ओला असते तवा त्यातून पाणी का गळते?"

"इथं गादीची गोठ चालली का वावराची?"

"तुले वावराबिगर दुसरं काई दिसते का?"

झालं, जुंपली. पण भांडता भांडता का होईना, तिच्या तोंडून माह्याशी शब्द निघू लागले. एका रविवारी तिनं न बोलता माह्यापुढे चहाचा कप सरकवला. नाल्याचं नाव आमी दोघीइनंबी काढलं नाई.

माघात उज्माचा फोन आला. "काकू, झाली मशीन. या अकोल्याले. पयला सवाल तुमचा."

मूर्तिजापूरवरून एस्टीनं गेली. हापिसात थंडी अशी का पदर आंगभर घ्या लागला. उज्मानं पयले जुन्या रीतीनं दाखवलं. "पाणी मुरणारी जमीन" असं लिहिलं. कायबी नाई आलं. मंग म्हणे, "आता तुमी जसं बोलता तसं सांगा."

मी सांगतलं, "आमच्या अंगाले असं कोणतं वावर हाय जथी पाणी टाकलं तं थांबत नाई?"

कागदांची रांग लागली. शेजारपाजारच्या गावाइचे शेततळ्याचे अहवाल, सारे जवळपास सारखे. तळं भरलं, पाणी संक्रांतीपर्यंत टिकलं. हे खाली होते. साऱ्याइच्या वर एक अर्ज होता, वाकड्या हातानं लिहिलेला. उज्मा वाचू लागली. "माझ्या वावरात सरकारी मदतीतून शेततळे खोदून मिळाले, परंतु त्यात पाणी राहत नाही. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी तळ उघडा. बाकी सर्वांचे भरून आहे. लोक हासतात. तरी खोदणारावर कारवाई व्हावी." त्यात ना मुरणं होतं, ना जिरणं. जुन्या मशीनले तो कागद जन्मात सापडला नसता.

उज्मा थांबली. "काकू, खाली नाव…"

नाव माह्या सासऱ्याचं होतं. गट नंबर आमचा. शेवंतीचा तुकडा.

लग्न होऊन आली तवापासून त्या तुकड्यात मी शेवंतीच पाह्यली होती. तथी कधी तळं होतं हे घरात कोणाच्या तोंडून निघालं नाई. काखेत कळसा अन् गावाले वळसा म्हणतात ते हेच. पार अकोल्याले यावं लागलं मले माह्याच वावरात काय हाय हे इचाराले.

"थांबा, त्याच्या बाजूले अजून एक बसवलं हाय मशीननं," उज्मा म्हणे. तो कागद वेगळ्या खात्याचा, वेगळ्या फायलीतला, विहिरींच्या पाहणीचा. आमच्याच विहिरीचं वर्णन. पाहणाऱ्यानं लिहिलं होतं, यंदा आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्यात आटल्या, या विहिरीत मात्र वैशाखात पाणी चढलेले आहे, कारण समजत नाही.

"कारण समजत नाही," मी म्हणलं, "अवं, कारण वीस पावलं वरच्या अंगाले होतं ना मायबाप!" हापिसातले सारे माह्याकडे पाहू लागले. पाहू देत.

उज्मानं कागद छापून देल्ले अन् बजावलं, "काकू, मशीन कागद शेजारी बसवते. खरं-खोटं ते तुमाले जमिनीलेच इचारा लागन."

घरी आली तवा बुढा शेवंतीच्या तुकड्यातच होता. हंगाम सरला होता, पुढच्या वर्साचे फुटवे राखून ठेवून राह्यला होता. साऱ्या मळ्यात तोच तुकडा सोन्याचा. दसऱ्याले आमच्या शेवंतीसाठी फुलवाले घरी येतात. मी कागद पुढे धरले.

"मामाजी, इथं तळं होतं?"

बुढ्याच्या हातातलं खुरपं थांबलं. मंग असा भडकला का मी दोन पावलं मांगे सरकली. "कोणी सांगतलं तुले? चंद्रभाननं?"

"तुमीच सांगतलं. हा तुमचाच अर्ज."

कागद वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. मंग धुऱ्यावर बसला अन् बोलू लागला, माह्याकडे न पाहता. "साऱ्याइचे तळे भरले त्या वर्सी. साहेब आले, तळ्याकाठी उभे करून एकेकाचे फोटो काढले. माह्यापाशी आले अन् गाडीतून उतरलेबी नाईत. कापूस गेला तं साऱ्याइचाच गेला, त्याची लाज नाई वाटत. पण तळं फुटकं माहंच एकट्याचं! चंद्रभान भर चावडीत म्हणला, केशवरावानं ज्याले हात लावला ते गळते. लोक मले रस्त्यात इचारत, काहून जी, भरलं का तळं? वर्सभर. मंग मी बैलबंड्या भरभरून तलावाचा गाळ आणला अन् बुजवून टाकलं. त्यावर शेवंती लावली. तवा कुठं तोंडं बंद झाले."

"मामाजी, ते तळं फुटकं नोतं. खाली मुरूम असन, पाणी जमिनीत जाऊन विहिरीत उतरत होतं. पाहा, त्या वर्सी विहीर आटली नाई. तुमाले तळ्याचं कामच उलटं सांगतलं लोकाइनं."

"मंग?"

"मंग ते पुन्यांदा खोदा लागन. वरचं सारं पाणी त्यात घ्यायचं. नाई तं नाला येईन अन् विहीर मरन."

"नाई."

"मामाजी…"

"नाई म्हणलं ना! नाल्याले धुऱ्याची पट्टी देतो, पण हा तुकडा नाई. एकदा हासू देल्लं लोकाइले. आता मरायच्या वक्ताले पुन्यांदा नाई." खुरपं तिथंच टाकून तो चालला गेला. जमीन त्याच्या नावावर. त्याच्या सहीबिगर माही सारी अकोल्याची वारी फुकट.

मले त्याचा राग आला अन् कीवबी आली, दोन्ही एकाच वक्ती. आमच्या ह्याइले म्हणलं, तुमी बोला बापाशी. तर हे म्हणतात, "त्याच्याशी बोलून पाह्यलेला माणूस मी, तूच पाह." मंडीले निघून गेले.

मी अनवरीचं दार वाजवलं. कागद तिच्यापुढे ठेवले, सारं सांगतलं. म्हणलं, "एक पावसाळा दे. तळं चाललं तं तुह्या घरात पाणी येणार नाई अन् माही विहीरबी जगन. नाई चाललं तं नाल्याचं सिमेंट मी माह्या डोक्यावर वाहीन."

कापूस पिंजून पिंजून वलीले खोकला झालेला, तो आत खोकत होता. मंग अनवरी उठली, डोक्यावर ओढणी घेतली. "चाल."

बुढा ओट्यावर होता. अनवरी खाली पायरीवर बसली. "काका, लोक हासले म्हणून तुमी तुकडा देत नाई म्हणता?"

बुढ्यानं तोंड दुसरीकडे केलं.

"लोकाइच्या हासण्यानं कोणाचं अंथरूण ओलं होत नाई, काका. माहं होते. दरसाल होते. हासण्याले भेत असान तं माह्या घरी येऊन एक दिवस पाणी उपसून पाहा." अन् उठून चालली गेली. माह्या सासऱ्याशी या सुरात बोललेली दुसरी बाई मी जन्मात पाह्यली नाई.

बुढा हाव म्हणला नाई, नाई म्हणला नाई. सुनावणीच्या दिवशी सकाळी मी निघाली तवा तो घरात नोता.

सुनावणीत इंजिनेर साहेबानं कागद दोनदा वाचले. मी मनात म्हणलं, आता म्हणन हे जुनं झालं. तं तो म्हणे, "हे चांगलं आहे. पण रस्त्याचं पाणी थेट विहिरीच्या वर सोडता येणार नाही. त्यात तेल असतं, प्लास्टिक असतं, घाण असते. आधी गाळ बसायला टाकं, मग गवताचा चर, मग रेती-गिट्टी, मग तळं. एवढं करून पाणी दोन दिवसांत मुरलं पाहिजे. नाही मुरलं, तर मला नाला करावाच लागेल, खाली घरं आहेत." मले त्याचं म्हणणं पटलं. विहिरीचं पाणी आमीबी पितो. "आता एवढं सांगा," तो म्हणे, "जागा कोणाची? त्यांची संमती आहे?"

खोटं बोलू शकत नोती, खरं बोललं तं सारं संपत होतं. म्हणलं, "जागा माह्या सासऱ्याची. ते अजून…"

"जागा माही हाय, सायेब." मांगून आवाज आला. बुढा दारात उभा होता. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. सकाळपासून हापिसाच्या बाहेर बसून होता म्हणे, आत यायची हिंमत होत नोती. "कुठं सही करा लागते ते सांगा. पण खोदाले मी उभा राहीन. मागच्या बारीले मी नोतो उभा."

मी त्याच्या पाया पडली, तिथंच, साऱ्याइच्या पुढे. "ऊठ वं," म्हणे, "नाटकं नको करू."

चैतात खोदणं लागलं. शेवंतीचे फुटवे बुढ्यानं पयल्या दिवशी सोताच्या हातानं उपटले अन् टोपल्यात घालून लिंबाच्या कोपऱ्यात लावले. खोदाईचा मशीनवाला आला, खोदत गेला, काळी माती लागली अन् म्हणे, "झालं बाप्पा, एवढंच खोल सांगतलं होतं." बुढा काठी टेकत खड्ड्यात उतरला. मूठभर माती उचलली, चोळली. "हे तळ नाई. हे माहा गाळ हाय, मीच आणून टाकला. अजून खाली." मशीनवाला वैतागला. बुढा खड्ड्यातून निघेचना. "मले गाडशीन तरी चालन, पण खाली जा." अजून खाली गेले अन् मंग लाल-पिवळा मुरूम लागला, हातानं चुरा होणारा. त्याच्यावर घागरभर पाणी ओतलं, बघता बघता गेलं. साहेबानं डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला अन् हासला.

आषाढ भुरभुरीतच गेला. श्रावणात एका दुपारी आभाळ फाटलं. लेआऊटवरून पाणी असं आलं का रस्त्यावरची मोटरसायकल आडवी झाली. टाक्यात शिरलं, गवताच्या चरातून आलं अन् तळं काठोकाठ भरलं. लाल गढूळ पाणी, अन् चपला, थैल्या वर टाक्यातच अडकलेल्या. आमी सारे छत्र्या घेऊन उभे. अनवरी तिच्या उंबऱ्यात उभी, पायाकडे पाहत. पाणी तिच्या पायरीपर्यंत आलं अन् थांबलं. आत नाई शिरलं.

पण तळं भरलेलं. संध्याकाळ झाली, भरलेलंच. चंद्रभान ठेल्यावरून आला, काठावर उभा राह्यला. मले वाटलं आता हा काई बोलला तं याले ढकलूनच देते. तो पाणी पाहून तसाच ठेल्यावर परत गेला. बुढा जेवाले आला नाई, गोणपाट डोक्यावर घेऊन काठावर बसून राह्यला. मी भाकर घेऊन गेली तं म्हणे, "ठेव." डोळे पाण्यावर. मी त्याच्याजवळ बसली. माह्या मनात एकच, लिंबाजवळचा खड्डा बी असाच भरलेला राह्यला होता. आता हे थांबलं तं विहीर गेली, तुकडा गेला, अन् या माणसाले मीच दुसऱ्यांदा गावापुढे उभं केलं.

सकाळी मी दूध काढून राह्यली होती तं बुढ्याची आरोळी आली. हातातलं भांडं टाकून धावली. अनवरी तिकडून धावली, वली धावला, साऱ्या गल्लीतले धावले. कोणाले वाटलं बुढा बुडला.

तळ्यात पाणी नोतं. मुरूम ओला चमकून राह्यला होता. अन् आमचा बुढा धोतर गुडघ्यापर्यंत खोसून मधोमध उभा होता, चिखलानं भरलेला, डोळ्यातून पाणी वाहून राह्यलेलं, अन् काठावरच्या साऱ्याइले दोन्ही हात वर करून ओरडून सांगत होता.

"पाहा रे! चंद्रभान, ये इकडे, पाह! नाई थांबलं! माह्या तळ्यात पाणी नाई थांबलं!"